ट्रॅव्हलिंग-वेव्ह ऑप्टिकल मॉड्युलेटर: विद्युत मार्ग जुळवून डिझाइन कसे करायचे

ट्रॅव्हलिंग-वेव्ह ऑप्टिकल मॉड्युलेटर म्हणजे विद्युत सिग्नल प्रकाशावर चढवणारे उपकरण; त्यात वीज आणि प्रकाश शेजारून एकाच दिशेने धावतात. त्याचे डिझाइन पहिल्यांदा हाती घेणाऱ्याचे सगळे लक्ष बहुधा वेव्हगाइडवर, म्हणजे प्रकाशाच्या वाटेवर, असते. व्ही-पाय (प्रकाशाचा फेज अर्ध्या चक्राने फिरवायला लागणारे व्होल्टेज) किती, ऑप्टिकल लॉस किती, एक्स्टिंक्शन (चालू आणि बंद प्रकाशाचे गुणोत्तर) किती, एवढे जमले की काम झाले असे वाटते. मग चिप हातात येते, डीसीला सगळे नीट चालते आणि ४० गिगाहर्ट्झला सिग्नल दिसेनासा होतो. दोष क्वचितच प्रकाशात असतो. ड्रायव्हरपासून (सिग्नल पुरवणारी चिप) टर्मिनेशनच्या, म्हणजे लाइनच्या शेवटी सिग्नल शोषणाऱ्या, रेझिस्टरपर्यंत वीज ज्या वाटेने जाते, त्या वाटेत तो असतो.

या वाटेवर चार गोष्टी जुळाव्या लागतात: विजेचा वेग प्रकाशाच्या वेगाशी, लाइनचा इम्पीडन्स (लाटेला जाणवणारा विद्युत विरोध) दोन्ही टोकांशी, डिफरन्शियल जोडीतली (एकमेकांच्या उलट सिग्नल नेणाऱ्या दोन वाटा) पी वाट एन वाटेशी, आणि आय चॅनेल क्यू चॅनेलशी (प्रकाशाच्या ९० अंश अंतरावरच्या दोन फेजवर चढणारे दोन सिग्नल). यातली शेवटची जुळणी नंतर डीएसपीमध्ये (सिग्नलवर आकडेमोड करणारी चिप) सुधारता येते. पी आणि एन मात्र एकाच ड्रायव्हरमधून निघतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक कुठल्याही सॉफ्टवेअरच्या हाती लागत नाही. तो तांब्यात आणि सोन्यातच दुरुस्त करावा लागतो आणि तेही लेआउट पाठवण्याआधी. पिकोसेकंदांचा हिशोब पहिल्या दिवसापासून ठेवायचा तो यासाठी.

सुरुवातीला हाताशी काय हवे

- फाउंड्रीचा (चिप बनवणारा कारखाना) लेअर स्टॅक: प्रत्येक थराची जाडी, ऑक्साइड, धातूची जाडी आणि सब्स्ट्रेटची रेझिस्टिव्हिटी
- ड्रायव्हरची डेटाशीट: आउटपुट इम्पीडन्स, स्विंग, कॉमन-मोड व्होल्टेज, पॅडचा क्रम आणि पिच. शक्य असेल तर एस-पॅरामीटरची (प्रत्येक फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल पुढे जातो आणि किती परततो) फाइलही
- ऑप्टिकल मोड सॉल्व्हर आणि थ्री-डी ईएम (विद्युतचुंबकीय) सिम्युलेटर
- एस-पॅरामीटर जोडून अख्खी साखळी चालवता येईल असा सर्किट सिम्युलेटर
- मोजमापासाठी व्हीएनए (एस-पॅरामीटर मोजणारे यंत्र), कॅलिब्रेशन सब्स्ट्रेट, आरएफ प्रोब, टीडीआर (पल्स पाठवून तिच्या प्रतिध्वनीतून दोष आणि डिले शोधणारे यंत्र) आणि कॅलिब्रेट केलेला वेगवान फोटोडिटेक्टर

कनेक्टर आधीच ठरवून घ्या: २.९२ मिमी ४० गिगाहर्ट्झपर्यंत, २.४ मिमी ५० पर्यंत, १.८५ मिमी ६७ पर्यंत आणि १ मिमी ११० पर्यंत चालतो. ६७ गिगाहर्ट्झच्या मॉड्युलेटरसमोर २.९२ चा कनेक्टर लावला, तर मोजमापात कनेक्टरच दिसेल.

१. आधी आकडे ठरवा

६४ गिगाबॉड, म्हणजे सेकंदाला ६४ अब्ज सिम्बॉल, धरा. एका सिम्बॉलला १५.६ पिकोसेकंद मिळतात. नायक्विस्ट मर्यादा, म्हणजे त्यासाठी लागणारी किमान बँडविड्थ, ३२ गिगाहर्ट्झ. ड्रायव्हर आणि डीएसीही (आकड्यांतून सिग्नल बनवणारी चिप) आपापला रोल-ऑफ, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीतली घट, घेऊन येतात, म्हणून एकट्या मॉड्युलेटरची बँडविड्थ ४० च्या वर ठेवा.

पी-एन स्क्यूसाठी, म्हणजे दोन वाटांमधल्या वेळेच्या फरकासाठी, एकूण १ पिकोसेकंद हे चांगले उद्दिष्ट आहे. तो आत्ताच वाटून टाका: बोर्डाला ०.५, बाँडला ०.२, चिपला ०.१ आणि उरलेला ड्रायव्हरला. असे न केल्यास प्रत्येक टप्प्यावरचा माणूस आपला एक पिकोसेकंद आपल्यापुरता धरतो आणि शेवटी चार जमतात.

२. प्रकाशाचा ग्रुप इंडेक्स काढा

नवख्यांची सर्वांत महागडी चूक इथेच होते. मोड सॉल्व्हर जो पहिला आकडा दाखवतो तो इफेक्टिव्ह इंडेक्स (लाटेच्या शिखरांचा वेग सांगणारा आकडा) असतो आणि तोच घेऊन इलेक्ट्रोड, म्हणजे वीज वाहणारी धातूची लाइन, जुळवला जातो. पण प्रकाशावर चढलेले मॉड्युलेशन ग्रुप व्हेलॉसिटीने जाते, आणि ती सांगतो ग्रुप इंडेक्स. सिलिकॉनच्या रिब वेव्हगाइडमध्ये इफेक्टिव्ह इंडेक्स सुमारे २.५ आणि ग्रुप इंडेक्स सुमारे ३.८ असतो. चुकीच्या आकड्याशी जुळवलेल्या इलेक्ट्रोडमध्ये १.३ चा फरक राहतो. थिन-फिल्म लिथियम नायोबेटमध्ये ग्रुप इंडेक्स साधारण २.२ ते २.३ येतो.

या फरकाची किंमत एका ओळीच्या सूत्राने कळते. लॉस नाही आणि टर्मिनेशन नीट आहे असे धरले, तर ३ डेसिबल इलेक्ट्रिकल बँडविड्थ अशी येते:

गिगाहर्ट्झ = १३.३ ÷ (लांबी सेमीमध्ये × इंडेक्समधला फरक)

१ सेमी लांबी आणि ०.१ फरक असेल तर १३३ गिगाहर्ट्झ, म्हणजे चिंता नाही. फरक ०.३ झाला की ४४. सिलिकॉनच्या वरच्या चुकीत ३ मिमी लांबीलाही ३४ गिगाहर्ट्झवर गाडी अडते. यावरून एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात येईल: आखूड मॉड्युलेटरला अचूक वेग-जुळणीची तेवढी गरज नसते. दोन मिलिमीटरच्या उपकरणासाठी इंडेक्सच्या दुसऱ्या दशांशावर आठवडा घालवू नका, तो वेळ पॅडच्या डिझाइनला द्या.

ग्रुप इंडेक्सची खात्री मोजूनच करा. असमान भुजांच्या टेस्ट इंटरफेरोमीटरचा एफएसआर (शेजारच्या दोन शिखरांमधले तरंगलांबीतले अंतर) म्हणजे तरंगलांबीचा वर्ग ÷ (ग्रुप इंडेक्स × भुजांच्या लांबीतला फरक). अशी एक रचना प्रत्येक चिपवर ठेवावी. जागा नगण्य लागते.

३. इलेक्ट्रोड: वेग, इम्पीडन्स आणि लॉस एकत्रच हाताळा

लाइनचा इम्पीडन्स म्हणजे दर मिलिमीटरच्या इंडक्टन्सला कपॅसिटन्सने भागून काढलेले वर्गमूळ, तर वेग ठरतो त्या दोघांच्या गुणाकारावरून. म्हणून एकाला हात लावला की दुसरा हलतो. ५० ओहम आणि २.२ मायक्रोवेव्ह इंडेक्स (लाइनवरच्या विजेचा इंडेक्स) हवा असेल तर दर मिलिमीटरला ०.१४७ पिकोफॅरड आणि ०.३७ नॅनोहेन्री बसवावे लागतात. सिम्युलेशन सुरू करण्याआधी हे दोन आकडे कागदावर लिहा, म्हणजे कुठल्या दिशेने सरकायचे ते आपोआप समजते.

सिलिकॉनमध्ये पीएन जंक्शनचा (दोन प्रकारच्या सिलिकॉनची सीमा; पी आणि एन वाटांशी याचा संबंध नाही) कपॅसिटन्स हलवता येत नाही. लाइनसकट तो दर मिलिमीटरला ०.३५ पिकोफॅरड झाला आणि इंडेक्स ४ ठेवायचा असेल, तर इम्पीडन्स ३८ ओहमच येणार. तिथे ५० च्या मागे लागू नका, लाइन ३८ चीच ठेवा. तेवढ्या इम्पीडन्ससाठी बनवलेला ड्रायव्हर मिळाला तर उत्तम, नाहीतर निदान टर्मिनेशन ३८ चे करा.

लिथियम नायोबेटमध्ये गंमत उलटी आहे. सिलिकॉन सब्स्ट्रेटवर सिलिकॉनचा ११.७ डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट लाटेला मंद करतो, आणि खालच्या ऑक्साइडची जाडी वाढवत नेली की वेग हळूहळू जागेवर येतो. क्वार्ट्झवर डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३.८ असल्याने साधा कोप्लेनर (सिग्नल आणि ग्राउंड एकाच पातळीवर असलेला) इलेक्ट्रोड प्रकाशापेक्षा पुढे पळतो. त्याला आवरण्यासाठी इलेक्ट्रोडच्या कडेला टी-आकाराचे दात जोडतात. दातांच्या टोकांमधली फट वेव्हगाइडजवळ ५ मायक्रॉनच राहते, पण मुख्य प्रवाह मागच्या रुंद पट्टीतून जातो, त्यामुळे लॉसही उतरतो. दातांचा पिच ५० मायक्रॉन चालतो, कारण १०० गिगाहर्ट्झला लाइनवरची तरंगलांबी १.३६ मिमी असते, म्हणजे पिचच्या सत्तावीसपट.

आता लॉस. वेग जुळला की उरतो तोच, आणि बँडविड्थ तोच ठरवतो. नियम सोपा: इलेक्ट्रोडचा एकूण आरएफ लॉस ज्या फ्रिक्वेन्सीला ६.४ डेसिबल होतो, तीच तुमची ३ डेसिबल बँडविड्थ. एक्स-कट (स्फटिक एका ठरावीक दिशेने कापलेल्या) थिन-फिल्म लिथियम नायोबेटचे उदाहरण घ्या. व्ही-पाय आणि लांबीचा गुणाकार २.४ व्होल्ट-सेमी. साध्या इलेक्ट्रोडचा लॉस १ गिगाहर्ट्झला ०.७ डेसिबल प्रति सेमी आणि पुढे फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढणारा.

- १ सेमी: व्ही-पाय २.४ व्होल्ट, बँडविड्थ सुमारे ८४ गिगाहर्ट्झ
- २ सेमी: व्ही-पाय १.२ व्होल्ट, बँडविड्थ सुमारे २१ गिगाहर्ट्झ

लांबी दुप्पट केली की व्होल्टेज निम्मे होते, पण बँडविड्थ चौथ्या हिश्श्यावर येते. दातांच्या इलेक्ट्रोडने लॉस ०.३ वर आणला, तर त्याच २ सेमीला ११० गिगाहर्ट्झच्या वर जाता येते. म्हणून कमी व्होल्टेज हवे असेल तर आधी लॉस कमी करा आणि मगच लांबी वाढवा.

दोन सापळे इथे हमखास लागतात. एक, सब्स्ट्रेट: साधारण १० ओहम-सेमीचा सिलिकॉन मायक्रोवेव्ह गिळून टाकतो, त्यामुळे १००० ओहम-सेमीच्या वरचा वेफर मागा आणि ऑर्डरवर तसे स्पष्ट लिहा. दोन, धातूची जाडी: सोन्यात १० गिगाहर्ट्झला स्किन डेप्थ, म्हणजे प्रवाह जेवढ्या खोलीपर्यंत शिरतो ती, ०.७९ मायक्रॉन असते. अर्ध्या मायक्रॉनचा थर पुरत नाही. दोन ते तीन स्किन डेप्थ तरी हव्यात.

४. लाइन शक्यतो वळवू नका

वळणावर बाहेरची फट लांब, आतली आखूड. सिग्नलच्या दोन्ही बाजूंची ग्राउंड एका पातळीवर राहत नाहीत आणि नको असलेला स्लॉट-लाइन मोड (दोन ग्राउंडमधल्या फरकाची लाट) जागा होतो. वळण टळत नसेल तर त्याच्या आधी आणि नंतर दोन्ही ग्राउंड एअर-ब्रिजने किंवा वायरबाँडने एकमेकांना जोडा.

एक्स-कट लिथियम नायोबेटमध्ये यू-टर्न घेताना आणखी एक धोका असतो. स्फटिकाचा अक्ष तिथल्या तिथे राहतो, पण बाहेरच्या फटीतले क्षेत्र वळणानंतर उलट्या दिशेला येते. पहिल्या अर्ध्यात मिळवलेला फेज दुसऱ्या अर्ध्यात पुसला जातो. वळणावर दोन्ही वेव्हगाइडनी एकमेकींना ओलांडून फट बदलली पाहिजे.

५. टर्मिनेशन लाइनला द्या, सोर्सला नाही

सोर्स ५० ओहमचा, लाइन ४० ची. टर्मिनेशन ५० लावले, तर कमी फ्रिक्वेन्सीला आखूड भासणारी लाइन नाहीशी होते आणि सोर्सला समोर ५० दिसतात. फ्रिक्वेन्सी वाढली की समोर ४० दिसू लागतात आणि व्होल्टेज १ डेसिबलने घसरते. आलेखाच्या सुरुवातीला हा उतार पाहून लोक इलेक्ट्रोडच्या लॉसवर संशय घेतात. टर्मिनेशन ४० करा, उतार जातो. टर्मिनेशन लाइनपेक्षा थोडे कमी ठेवले तर वरच्या फ्रिक्वेन्सी उचलल्यासारख्या दिसतात आणि बँडविड्थ वाढते. मात्र त्याच्या बदल्यात कमी फ्रिक्वेन्सीचा व्ही-पाय वाढतो. फुकट काहीच मिळत नाही.

रेझिस्टरच्या टॉलरन्सची फार काळजी नको. ५० च्या जागी ४५ आले तरी रिटर्न लॉस (परतणारा सिग्नल किती कमी आहे ते) २५ डेसिबलहून चांगला असतो. काळजी करा ती रेझिस्टरपासून ग्राउंडपर्यंतच्या वाटेची. ती लांब झाली की तिचा इंडक्टन्स वरच्या फ्रिक्वेन्सीला टर्मिनेशन उघडून टाकतो. दुसरी काळजी उष्णतेची: ४ व्होल्ट पीक-टू-पीक साइन वेव्ह ५० ओहममध्ये ४० मिलिवॉट उष्णता सोडते. रेझिस्टर ऑप्टिकल कंबाइनरला चिकटवून ठेवला तर सिग्नलबरोबर बायसही (मॉड्युलेटरचा स्थिर कार्यबिंदू) सरकत राहतो.

६. पी आणि एन: इथे घाई नको

एक्स-कटच्या ग्राउंड-सिग्नल-ग्राउंड रचनेत एकच सिग्नल दोन्ही भुजांना उलट दिशेने ढकलतो, त्यामुळे चिपवर पी-एन स्क्यूचा प्रश्नच येत नाही. दोन भुजांना दोन वेगळे सिग्नल देणाऱ्या ड्युअल-ड्राइव्ह रचनेत तो पुरेपूर येतो. सिलिकॉनच्या सिरीज पुश-पुल रचनेत जंक्शनवर फक्त फरकाचे व्होल्टेज पडते, म्हणून तिथे स्क्यूने ॲम्प्लिट्यूड घटतो आणि रिफ्लेक्शन वाढते, पण फेजचा बिघाड तुलनेने कमी.

स्क्यूचा परिणाम असा मोजा: उपयोगी भाग पाय (३.१४) गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले स्क्यू या कोनाच्या कोसाइनएवढा उरतो, आणि साइनएवढा भाग दोन्ही भुजांना सारखाच ढकलतो. ५० गिगाहर्ट्झला १ पिकोसेकंदाने ॲम्प्लिट्यूड जेमतेम सव्वा टक्का घटतो. ५ पिकोसेकंदांना पूर्ण ३ डेसिबल जातात. पण १ पिकोसेकंदालाही कॉमन भाग १६ टक्के निघतो, आणि खरा त्रास तोच देतो. इंटेन्सिटी मॉड्युलेशनमध्ये त्याचा चर्प (प्रकाशाच्या फ्रिक्वेन्सीतला नको असलेला बदल) होतो. आयक्यू मॉड्युलेटरमध्ये मूळ सिग्नलशी गुणला जाऊन आयचा अंश क्यूमध्ये सांडतो. हा गुणाकार रेषीय नसल्यामुळे साधा इक्वलायझर तो काढू शकत नाही.

आता बोर्डावरचे एक वळण जवळून पाहा. डायलेक्ट्रिक ३.५ ची स्ट्रिपलाइन (दोन ग्राउंड थरांमधली लाइन), म्हणजे दर मिलिमीटरला ६.२४ पिकोसेकंद. पी आणि एनच्या मध्यरेषांत ०.४ मिमी अंतर. जोडी गोलाईने ९० अंश वळली की बाहेरची वाट ०.६३ मिमीने लांब होते, म्हणजे ३.९ पिकोसेकंद. एकाच वळणात ५० गिगाहर्ट्झला पावणेदोन डेसिबल गेले आणि पूर्ण बजेटच्या जवळजवळ चौपट स्क्यू जमा झाला. लेआउट टूलमध्ये हे वळण इतके साधे दिसते की नजर त्यावर ठरतही नाही.

- ड्रायव्हर आणि मॉड्युलेटर समोरासमोर, एका सरळ रेषेत ठेवा. पॅडचा क्रम उलटा असेल तर बोर्डावर वाटा ओलांडण्याऐवजी चिपचाच लेआउट आरशासारखा फिरवा.
- वळण घ्यावेच लागले तर भरपाई तिथेच, वळणाला लागून करा. दोन सेंटीमीटर पुढे केलेली भरपाई बेरजेत शून्य दाखवते, पण मधल्या भागात सिग्नल कॉमन मोडमध्ये गेलेला असतो, आणि मायक्रोस्ट्रिपमध्ये (बोर्डाच्या पृष्ठभागावरची लाइन) दोन्ही मोडचे वेग वेगळे असल्याने तो पूर्ण परत येत नाही.
- सापासारखी वळणे दाटीवाटीने आखू नका. शेजारच्या दोन रेषांमधल्या कपलिंगमुळे सिग्नल आडवाटेने पुढे निसटतो आणि डिले लांबीच्या हिशोबापेक्षा कमी येतो. डायलेक्ट्रिकच्या उंचीच्या तीन-चारपट तरी फट सोडा.
- बोर्डातल्या काचेच्या विणीकडे लक्ष द्या. पी काचेच्या धाग्यावर आणि एन रेझिनवर चालली, तर लांबी सारखी असूनही वेग वेगळे पडतात. पसरट विणीचे लॅमिनेट घ्या किंवा वाटा विणीशी सुमारे १० अंश तिरक्या टाका.
- दोन्ही वाटांवरचे डीसी-ब्लॉक कपॅसिटर एकाच भागक्रमांकाचे आणि समोरासमोर ठेवा.

टूलमध्ये 'लांबी जुळवा' असा नियम असतो, पण तुम्हाला जुळवायचा आहे डिले. व्हाया (थर जोडणारी छिद्रे), पॅड आणि थर बदलल्याने लांबी तीच राहून वेळ बदलते. शेवटचा शब्द ईएम सिम्युलेशनचा.

७. आय आणि क्यू

इथे थोडी मोकळीक आहे. आय आणि क्यूमध्ये १ पिकोसेकंद स्क्यू म्हणजे ६४ गिगाबॉडला सिम्बॉलच्या ६.४ टक्के. हा भार सोसण्याजोगा नाही, पण ट्रान्समिटरचा डीएसपी एका चॅनेलला सॅम्पलच्या अंशाइतका डिले देऊन तो भरून काढतो. तेव्हा चॅनेलमधला फरक काही पिकोसेकंदांत ठेवा, प्रत्येक मॉड्यूलवर मोजा आणि कॅलिब्रेशनमध्ये नोंदवा. आय-क्यूची लांबी तंतोतंत करण्यासाठी पी-एनमध्ये वळणे घालणे हा मात्र तोट्याचा सौदा आहे.

८. चिप आणि बोर्डामधली उडी

वायरबाँडचा इंडक्टन्स दर मिलिमीटरला सुमारे १ नॅनोहेन्री धरतात. ०.३ मिमीची तार ५० गिगाहर्ट्झला ९४ ओहम अडथळा उभा करते. पीची तार एनपेक्षा ०.१ मिमी लांब असेल, तर हवेतला प्रवास ०.३३ पिकोसेकंदाचा असला तरी दोन्ही बाजूंच्या ५० ओहमबरोबर तो जादा ०.१ नॅनोहेन्री प्रत्यक्षात सुमारे १ पिकोसेकंद उशीर करतो. बाँडच्या वाट्याचा ०.२ पिकोसेकंद असा तारेच्या एका झुकावात पाचपट उडून जातो. म्हणून चिप आणि बोर्डाचे पृष्ठभाग एका पातळीवर येतील असा खड्डा बोर्डात घ्या, फट शक्य तितकी अरुंद ठेवा, आणि एका तारेऐवजी रिबन किंवा दोन तारा वापरा. बाँडिंगच्या ड्रॉइंगवर तारेच्या कमानीची उंचीही लिहा. फक्त टोके दाखवली तर कमान मशीनच्या मर्जीवर राहते. ६० गिगाहर्ट्झच्या पुढे फ्लिप-चिपचाच (चिप उलटी करून तारांविना थेट जोडणे) विचार करा.

९. मोजमाप, आणि लहरी वाचणे

चिपवर या टेस्ट रचना ठेवल्याशिवाय डिझाइन पाठवू नका: त्याच इलेक्ट्रोडच्या २ आणि ६ मिमी लांबीच्या दोन लाइन, ओपन, शॉर्ट, थ्रू आणि पॅडसह एकटा टर्मिनेशन रेझिस्टर. दोन लांबींमधल्या फेजच्या फरकातून मायक्रोवेव्ह इंडेक्स पॅडविना शुद्ध मिळतो, आणि ॲम्प्लिट्यूडच्या फरकातून लॉस.

क्रम असा ठेवा. आधी रेझिस्टर डीसीला मोजा. मग एस-११ (इनपुटवरून परतणारा सिग्नल) पाहा. कामाच्या संपूर्ण पट्ट्यात तो उणे १५ डेसिबलच्या खाली हवा. मग ऑप्टिकल एस-२१ (विजेपासून प्रकाशापर्यंतचा प्रतिसाद), त्यातून फोटोडिटेक्टर आणि केबल वजा करून. शेवटी पी आणि एन वेगवेगळे टीडीआरवर. स्क्यू मोजताना दोन्ही केबलची अदलाबदल करून मोजमाप पुन्हा घ्या आणि दोन्ही वेळच्या 'पी वजा एन' उत्तरांची सरासरी घ्या, म्हणजे केबलचा स्वतःचा स्क्यू गळून पडतो.

एस-२१ वर लहरी दिसल्या तर त्यांच्या दोन शिखरांमधले अंतर मोजा. दोन रिफ्लेक्शनमधली जागा त्यातून निघते: ०.३ मिमी प्रति पिकोसेकंद या वेगाला (२ × इंडेक्स × शिखरांमधले अंतर) याने भागले की लांबी मिळते. लहर ६.८ गिगाहर्ट्झची असेल तर दोष १ सेमीच्या इलेक्ट्रोडच्या दोन टोकांमध्ये, म्हणजे टर्मिनेशन किंवा इनपुट पॅड. ४ गिगाहर्ट्झची असेल तर बोर्डाच्या २ सेमी वाटेत, म्हणजे कनेक्टर किंवा बाँड. ०.१ गिगाहर्ट्झच्या बारीक लहरी मीटरभर केबलच्या; कॅलिब्रेशन पुन्हा करा, चिपला हात लावू नका.